फासा एकदाच टाकावा

इस्माईल,

त्या दारापलीकडं काय होतं, एवढं तरी सांगून जायचं होतंस. आज तेवीस दिवस झाले. कमलताईंची वैद्यीण, रंगाचा घोडेस्वार आणि माझा तो रडतोंड्या कारकून, तिघं अजून भुयाराच्या तळाशी त्या लोखंडी दारासमोर ताटकळत उभे आहेत. वीज आली, खाली मशीन सुरू झालं, तू फासा खिशात टाकलास आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे आता, म्होरल्या गुरुवारी बघू." पुढचा गुरुवार यायच्या आत तू चालता झालास. ही काय रीत झाली?

लोक येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात. शांत माणूस होता म्हणतात. तू शांत? मला हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो. एका जागी बसवत नाही. प्रेसमध्ये प्रूफ समोर असतं, ओळीवर बोट असतं आणि डोक्यात ते दार. काल एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या मामाचं नाव तसंच जाऊ दिलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. मालक नुसतं बघून गेले. ते जास्त लागलं.

तुम्ही सगळे तिथं दर गुरुवारी काय खेळता, असं पूर्वी कुणी विचारलं की मी टाळायचो. पट नाही, पत्ते नाहीत. दुपारी वीज गेली की चार माणसं प्रेसच्या माडीवर, तुझ्या बाइंडिंगच्या खोलीत कागदांच्या थप्प्यांवर बसलेली, मध्ये एक पाट, पाटावर शर्टाची तीन बटणं. तू सांगायचास, "जंगल हाय. वाट दोनीकडं फुटलीया. डाव्या अंगाला धूर दिसतोय. काय करता?" मग ज्याचं बटण त्यानं ठरवायचं. कमलताई म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या मास्तरीण, पण पाटाशी बसल्या की वैद्यीण. रंगा डेअरीचा टेम्पो चालवायचा, इथं त्याच्याकडं घोडा. आणि मला काय दिलंस? किल्लेदाराचा कारकून! "तुला लढाई जमायची न्हाय, तू आपलं चुका काढ," म्हणालास. अवघड काही करायचं झालं की फासा टाकायचा, आणि फासा सांगेल ते सोसायचं. बस्स, एवढाच खेळ. मोठी माणसं म्हणे खेळत बसतात, असं गल्लीत बोलायचे. बोलेनात का.

सुरुवात झाली ती तुझ्या रद्दीतून. मुखपृष्ठ नाही, मधली पानं उंदरांनी नेलेली, अशी एक इंग्रजी चोपडी तू मला वाचायला दिलीस. मी अडखळत वाचली. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून वागायचं, एवढंच हाती लागलं, पुढचं पुढच्या पानावर होतं आणि पुढचं पान नव्हतं. मी चोपडी परत रद्दीत टाकली. आठवड्यानं तू बाभळीचा एक फासा घासून आणलास आणि म्हणालास, "ऱ्हायलेली पानं आपुनच लिवू की." मी म्हटलं, तुला वेड लागलंय. तू म्हणालास, "व्हय की. बस हितं."

मी तुझ्या डाव्या हाताला बसलो. उजवीकडं तुझं दाभण असायचं, हात भिरकावून बोलायची तुला सवय, एकदा माझ्या दंडाला टोचलं तेव्हापासून मी जागा बदलली ती कायमची. तीन वर्षं मी डावीकडंच बसलो.

भांडण सुरू झालं ते नियम लिहायला घेतल्यावर. हे पुस्तक छापायचं हा हट्ट तुझा, स्पष्ट छापायचं हा माझा. तू लिहून आणायचास आणि मी लाल शाईनं पान रक्तबंबाळ करायचो. म्हणून तर मला लाल्या म्हणायला लागलास. मी विचारायचो, दोघांनी एकाच वेळी वार केला तर आधी कुणाचा? तू म्हणायचास, "मी सांगतो की!" मी विचारायचो, जखमी माणूस किती चालू शकतो? "मी सांगतो की!" अरे, पण पुस्तकात काय लिहू? "आता मी हाय न्हवं हितं?" दर वेळी हेच. डोक्यात तिडीक जायची. तुला कितीदा सांगितलं, पुस्तक म्हणजे तुझ्याशिवाय चाललं पाहिजे. तू नसशील तिथं चाललं पाहिजे, नाहीतर छापायचं कशाला? हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणालोय इस्माईल, की आता कुणी बाजूला घेऊन माझं तोंड बंद करावं असं वाटतं.

जोतिबाची ती दुपार आठवते? रंगाच्या बहिणीच्या सासरचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. तुला पटवायला मीच काढलेली युक्ती. पुस्तकाची सायक्लोस्टाईल प्रत त्या घरच्या माणसांच्या हातात द्यायची, आपण दोघांनी दुकानाच्या पायरीवर बसायचं, आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रंगाची बहीण, तिचा नवरा, शेजारचा एक फुलवाला बसले. सांगणारं कोण होणार म्हटल्यावर सासूबाई पुढं सरसावल्या. तू खूश होऊन मला कोपरानं ढोसलंस.

पहिलंच दार आलं. तू लिहिलं होतंस, "फासा टाकावा. सहा आल्यास दार उघडते." बहिणीच्या नवऱ्यानं टाकला, दोन. परत टाकला, चार. परत टाकला, एक. आठव्या-नवव्या खेपेला सहा आले, दार उघडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं दार, पुन्हा तेच. सहा येईपर्यंत फासा घरंगळतोय. पुस्तकात कुठं लिहिलं होतं कितीदा टाकायचा? कुठंच नाही. आमच्यात कुणी दुसऱ्यांदा हात घातला की तू डोळे वटारायचास, म्हणून लिहायचं सुचलंच नव्हतं. मी तुझ्याकडं बघितलं. तुझे कान लाल झालेले. शेवटी तुला राहवलं नाही, उठलास आणि ओरडलास, "आवं आजी, एकदाच! फासा एकदाच टाकायचा असतुया!"

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पावणं, तुमी वाचलंय का पुस्तक? आमी वाचलंय. गप बसा खाली."

मी हसून पायरीवर लोळायचा बाकी होतो. डोंगर उतरताना तू बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसलास. स्टँडवर उतरल्यावर म्हणालास, "लाल्या, लिव. फासा एकदाच टाकावा." एकोणिसावा नियम. पुस्तकातली सगळ्यात छोटी ओळ, आणि तिच्यात माझं एक टिंबही नाही. ती ओळ तुझी आहे. हे मी तुला कधी म्हणालो नाही. का नाही म्हणालो, कोण जाणे. तुझ्या तोंडावर चांगलं बोलायचं म्हणजे मला गुदमरायला व्हायचं.

आणि ते शेवटचं भांडण. गैरहजर गड्याचं. ते पान आपण पहिल्यापासून कोरंच सोडलेलं. रंगाच्या पाळ्या बदलल्या, तो तीन गुरुवार आला नाही. मी म्हटलं, सोपं आहे, लिहू या: गैरहजर गडी गावात मागे राहिला असे समजावे, त्याचे बटण उचलून ठेवावे. स्वच्छ नियम. तू मानच हलवलीस. "बटन उचलायचं न्हाय. मानूस आला न्हाय म्हनून काय त्याला वाटंत टाकून जायचं? त्येच्या डाव्या हाताला जो बसतो त्यानं बटन म्होरं सरकवायचं. त्येच्या वतीनं बोलायचं न्हाय. त्येला कुनी मारायचं न्हाय. आन् आला की कुटं हुतास म्हनून इचारायचं न्हाय." मी म्हटलं, हा नियम नाही, ही माया आहे. नियमाच्या पुस्तकात माया कुठल्या खात्यात घालू? तू म्हणालास, तुझ्या लाल शाईला माणूस दिसत नाही, नुसत्या ओळी दिसतात. मी प्रूफ तिथंच आपटलं आणि निघून आलो.

दोन गुरुवार मी आलो नाही. फणफणत घरी बसलो. तिसऱ्या गुरुवारी पाय आपोआप तिकडं वळले. जिना चढून आलो तर तुम्ही तिघं बसलेले. माझी जागा रिकामी. मी बसलो. पाटावर बघितलं तर जंगल मागं पडलेलं, नदी ओलांडून झालेली, आणि भुयारात, बाकी दोन बटणांच्या शेजारी, माझं बटण. कमलताईंनी आणलं होतं, माझ्या डाव्या हाताच्या म्हणून. तू मला बघितलंस. कुठं होतास, विचारलं नाहीस. "म्होरं लोखंडी दार हाय," एवढंच म्हणालास.

तेव्हा म्हणायला हवं होतं की इस्माईल, तुझा नियम बरोबर आहे, मी लिहितो. चार शब्दांचं काम. मी काय म्हणालो? "हे कुठल्या नियमात बसतं?" तू हसलास. मग वीज आली.

तो आपला शेवटचा गुरुवार.

परवा भाभींनी बोलावलं म्हणून तुझ्या घरी गेलो. त्या बोलायला तुझ्यापेक्षा सरळ. "भाऊ, ते तुमचं पुस्तक तेवढं संपवा. रोज कुनीतरी इचारतंय, त्येचं काय झालं म्हनून. मी काय सांगू?" आणि कपाटातून एक जाडजूड वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी उघडली. माझी प्रूफं. तीन वर्षांत मी लाल करून फेकलेलं एकूण एक पान. मला वाटायचं तू रागानं चुलीत घालतोस. तू ती ओळीनं लावलीस, दोऱ्यानं घट्ट ओवून जुजबंदी शिवलीस, पाठीला चामडं, कोपऱ्यांना चामडं. इतकं निगुतीचं बाइंडिंग तू कुठल्या वकिलाच्या पुस्तकालाही केलं नव्हतंस. भाभी म्हणाल्या, "रोज शिवत बसायचे. म्हनायचे, ह्या मानसानं माझ्यासाठी जेवढी शाई घातली तेवढी कुनी घातली न्हाय." मला तिथं रडू आवरलं नाही. आवरायचं तरी कशाला?

घरी आणून वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. खरं सांगतो, दार शोधत होतो. कुठंतरी समासात, पानामागं, तुझ्या त्या किरट्या अक्षरात काहीतरी लिहिलं असेल. काही नाही. सगळं डोक्यात ठेवायचास. मी सांगतो की.

त्याच वहीत मागं एक पोस्टकार्ड होतं, भाभींनी खोचलेलं. तुझ्या नावानं आलेलं, तू गेल्यावर. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या वसाहतीतला तो फिटर, ज्याला तू कौतुकानं एक प्रत दिली होतीस, त्याचं. लिहितो, आम्ही सहा जण हंगामभर खेळलो, फार मजा आली. पण हंगाम संपला, आमचा जो सांगणारा होता तो गावी गेला, आता येणार नाही. खेळ अर्ध्यावर आहे. पुस्तक दोनदा वाचलं. गडी आला नाही तर काय, ते पान कोरं आहे. आणि सांगणारा आला नाही तर काय, याचा नियमच सापडत नाही. कळवावे.

मी ते कार्ड हातात घेऊन खोलीभर चकरा मारल्या. सापडणार कसा? नाहीच तो. एकतीस नियम. पाण्यात घोडा किती वेळ पोहतो त्याचा नियम आहे. मशाल विझली तर काय, आहे. प्रत्येक स्वल्पविरामावरून आपण एकमेकांची डोकी फोडली, आणि सांगणारा आला नाही तर काय, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. तुझ्या नसेल आलं, तू रोज तिथंच होतास. पण मी? चुका काढणं हा माझा धंदा. तुझ्याशिवाय चाललं पाहिजे असं तीन वर्षं बडबडणारा मी, आणि तू नसशील हे मलाच खरं वाटलेलं नव्हतं.

तिकडं प्रेसचे मालक घाई करायला लागलेले. शेवटच्या पानांच्या फॉर्मचे शिशाचे खिळे जुळवून पडलेत, पुस्तक मशीनवर चढत नाही तोवर ते खिळे सुटत नाहीत, आणि समोर लग्नसराई. "काय ते ठरवा," म्हणाले, "न्हायतर फॉर्म सोडतो." फॉर्म सोडला की सगळे खिळे परत खणात, आणि पुस्तक संपलं. आज सकाळपर्यंतची मुदत होती.

म्हणून आज सकाळी लवकर प्रेसमध्ये गेलो आणि कोऱ्या जागेवर तुझा नियम लिहिला. तू बोललास तसाच, फक्त पुस्तकी भाषेत: "गैरहजर गड्याचे बटण त्याच्या डाव्या हाताला बसणाऱ्याने पुढे सरकवावे. त्याच्या वतीने बोलू नये. त्याला कोणी मारू नये. तो परत आल्यावर कुठे होतास असे विचारू नये." परत वाचला. एकही शब्द धूसर नाही. नियम म्हणून इतका स्वच्छ नियम अख्ख्या पुस्तकात दुसरा नाही. मी त्याला माया म्हणून हिणवलं होतं.

आणि मग बत्तिसावा. दहा वेळा लिहिला, दहा वेळा खोडला. कंपोझिटर वैतागून चहाला गेला. शेवटी असा झाला: "सांगणारा गैरहजर असल्यास त्याच्या डाव्या हाताला बसणाऱ्याने पुढे सांगावे. तो सांगत असे तसे सांगण्याचा प्रयत्न करू नये." बिद्रीच्या फिटरला कार्डावर हेच उतरवून पाठवलं. पेटीत टाकलं आणि मग लक्षात आलं, तुझ्या डाव्या हाताला कोण बसतं.

आज गुरुवार. दुपारी नेहमीसारखी वीज गेली. मी जिना चढलो. भाभींनी खोली झाडून ठेवली होती. रंगा आणि कमलताई येऊन बसलेले, कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पाटावर तिन्ही बटणं तू ठेवलेल्या जागीच. फासा भाभींनी तुझ्या सदऱ्याच्या खिशातून काढून दिला. तुझी जागा आम्ही मोकळी सोडली. मी माझ्या जागेवर बसलो, डावीकडं.

दारासाठी फासा टाकायचा होता, ताईंनी तो उचलला. सहा आले तर? सहा आले तर दार उघडणार, आणि पलीकडं काय आहे हे मला सांगावं लागणार. मी काहीही सांगितलं तरी ते खोटं. तुझ्या मनात जे होतं ते तिथं राहिलं आणि मी त्याच्यावर दुसरंच काहीतरी रचणार. मला ते नको होतं इस्माईल. मी मनात म्हणत होतो, सहा नको. आणि लगेच वाटायचं, येऊ दे सहा, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.

"टाकू?" ताईंनी विचारलं. मी मान डोलावली.

फासा पाटावर घरंगळला, खळीच्या डब्याला लागून थांबला. पाच.

मग रंगा म्हणाला, "परत टाका की ताई. आता कोन बगाय बसलंय?"

"एकदाच," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला. "फासा एकदाच टाकावा. एकोणिसावा नियम."

दार उघडलं नाही. उघडणारही नाही. पलीकडं जे होतं ते तुझं तुझ्यापाशी राहिलं, आणि तुझ्याच नियमानं राहिलं. माझी छाती तेवीस दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळी झाली. रंगानं डोळे पुसले. ताईंनी तिन्ही बटणांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, "मग आता कुठनं जायचं?"

दोघंही बघत होते. भाभीसुद्धा दारात थांबलेल्या. तू सांगायचास तसं सांगू नये, हा नियम सकाळीच मी स्वतः लिहिलेला, शाई अजून वाळायची होती. मी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातनं निघालं, "मी सांगतो की."